‘जड उचलू नका’ म्हणण्याआधी

मंडईतून परतताना मुलगा आईच्या हातातली पिशवी काढून घेतो. दोन किलो बटाटे, किलोभर कांदे, वर कोथिंबिरीची जुडी. “दे इकडे, तू नको उचलूस.” आई सत्तरीची. घरी वरच्या फळीवरचा डबा काढायला नातू धावतो, पाण्याची बादली सून उचलते, आणि खाली बसून भाजी निवडणं तर गुडघ्यांमुळे कधीच बंद झालेलं असतं. सगळं मायेपोटी चाललेलं असतं. दहा वर्षांनी याच आईला सोफ्यावरून उठताना दोन हातांचा आधार लागतो. त्याच सुमारास ती गॅस बंद केला की नाही हे तीन-तीनदा पाहू लागते, हिशेब चुकू लागते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं घरात कोणाच्या मनातही येत नाही.

संबंध आहे. तो किती घट्ट आहे, आणि ताकदीचे व्यायाम करून उतारवयातला मेंदू खरोखर सावरता येतो का, याचा शोध गेली तीसेक वर्षं बॉस्टन, व्हँकूव्हर, साओ पावलो, सिडनी अशा ठिकाणी चालू आहे. हाती आलेलं सगळंच उत्साहवर्धक नाही. पण जे आहे ते आपल्याकडच्या घराघरांत पोचायला हवं इतकं ठोस नक्की आहे.

आपल्याकडे ज्येष्ठांचा व्यायाम म्हणजे चालणं. डॉक्टर तेच सांगतात आणि त्यामागे आधारही आहे. २०११ साली अमेरिकेत कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १२० ज्येष्ठांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्यांनी वर्षभर भरभर चालण्याचा व्यायाम केला, उरलेल्यांनी शरीर ताणण्याचे सौम्य व्यायाम केले. स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग चालणाऱ्यांमध्ये सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात तो थोडा आक्रसला. या निष्कर्षाचा जगभर गाजावाजा झाला. चालण्याने हृदय सुधारतं, रक्तदाब आटोक्यात राहतो, मनावरचं मळभ जातं. तेव्हा कोणीही चालणं सोडू नये.

मात्र चालण्याने स्नायू टिकत नाहीत, निदान पुरेसे टिकत नाहीत. तिशीनंतर दर दशकाला अंदाजे तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर ओसरते. या झिजेला वैद्यकात नावसुद्धा उशिरा मिळालं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘मांस’ आणि ‘उणीव’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘सार्कोपेनिया’ हा शब्द घडवला. तोवर म्हातारपणी हातपाय काडीसारखे होणारच, असं डॉक्टरही गृहीत धरून चालत. गेलेला स्नायू या वयात परत येत नाही, अशीच समजूत होती.

ती समजूत मोडली बॉस्टनच्या हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटर या वृद्धाश्रमात. मारिया फियाटरोन या तरुण डॉक्टरने तिथल्या दहा रहिवाशांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनांचा व्यायाम द्यायला सुरुवात केली. हे सगळे नव्वदीच्या आगेमागे होते, अशक्त होते, बऱ्याच जणांना दोन-तीन जुनाट आजार होते. वजन नावापुरतं नव्हतं. प्रत्येकाला एका वेळी जास्तीत जास्त जेवढं पेलवेल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते नेलं होतं. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. मांडीचा स्नायू नऊ टक्क्यांनी भरला. दोघांची काठी सुटली. १९९० साली हे निष्कर्ष छापून आले. त्यातच एक इशाराही होता : व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घसरली. चार वर्षांनी फियाटरोन यांनी शंभर वृद्धांवर तोच प्रयोग केला आणि निकाल टिकला.

हे झालं पायांचं. डोक्याचं काय?

त्याचं पहिलं दखलपात्र उत्तर ब्राझीलमधून आलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ ते ७५ वयाच्या ६२ पुरुषांचे तीन गट केले होते : सहा महिने एका गटाला मध्यम वजनं दिली, दुसऱ्याला जड, तिसऱ्याला वजनं नव्हती. वजनं उचलणारे दोन्ही गट स्मृतीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्यांमध्ये तिसऱ्या गटाच्या पुढे गेले. शिवाय त्यांच्या रक्तात आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हा घटक स्नायूंच्या वाढीसाठी लागतो आणि मेंदूतल्या पेशींच्याही उपयोगी पडतो.

मग कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात टेरेसा लिउ-अँब्रोझ यांनी ६५ ते ७५ वयाच्या १५५ स्त्रियांना वर्षभर हाताशी धरलं. काहींनी आठवड्यातून एकदा, काहींनी दोनदा वजनं उचलली. तिसऱ्या गटाने तोल सावरण्याचे आणि अंग मोकळं करण्याचे व्यायाम केले. वर्षाअखेर सगळ्यांची ‘स्ट्रूप’ चाचणी झाली. ही चाचणी घरी करून पाहण्यासारखी आहे. कागदावर हिरव्या शाईने ‘लाल’ असा शब्द लिहा, निळ्या शाईने ‘पिवळा’, लाल शाईने ‘हिरवा’. आता शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. जीभ आपसूक ‘लाल’ म्हणायला जाते. तिला आवरून ‘हिरवा’ म्हणायला जो क्षणभराचा प्रयत्न लागतो, तोच इथे मोजला जातो. नको ते बाजूला सारून हवं त्याकडे लक्ष देणं ही मेंदूची कारभारी शक्ती. रस्ता ओलांडताना, पैसे मोजताना, दोन गोळ्यांमधली सकाळची कोणती ते ठरवताना तीच कामी येते आणि वयानुसार तीच लवकर ढासळते. वजनं उचलणाऱ्या दोन्ही गटांचे गुण या चाचणीत ११ ते १३ टक्क्यांच्या दरम्यान सुधारले. तिसऱ्या गटाचे किंचित घसरले.

आठवड्यातून एकदा व्यायाम करणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला, ही या प्रयोगातली सर्वांत आशादायक गोष्ट. आणि मनाला खटकणारी गोष्ट अशी, की वजनं उचलणाऱ्या दोन्ही गटांत मेंदूचं एकूण आकारमान तिसऱ्या गटाच्या मानाने थोडं घटलेलं दिसलं. याचा अर्थ अजून नीट लागलेला नाही. पण ‘व्यायामाने मेंदू वाढतो’ अशा ठळक मथळ्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याने हा आकडाही पाहिला पाहिजे.

याच संशोधकांनी पुढे विसरभोळेपणा सुरू झालेल्या ७० ते ८० वयाच्या ८६ स्त्रियांकडे मोर्चा वळवला. सहा महिने आठवड्यातून दोनदा वजनं उचलणाऱ्यांना स्ट्रूप चाचणीत आणि जोड्या लक्षात ठेवण्याच्या चाचणीत फायदा झाला. चालण्याचा व्यायाम दिलेल्या गटाचा दम आणि तोल सुधारला, पण या दोन चाचण्यांत तसा लाभ दिसला नाही.

या विषयातला सर्वांत भरीव प्रयोग मात्र सिडनीचा. बॉस्टनच्या त्याच फियाटरोन, आता फियाटरोन सिंग, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्या आणि तिथे त्यांनी सौम्य विस्मरण सुरू झालेल्या शंभर जणांना घेतलं. ही अवस्था धोक्याच्या वळणासारखी असते. काही जण तिथेच थांबतात, काही सुधारतात आणि बरेच पुढे डिमेन्शियात जातात. प्रयोगाची आखणी विशेष काळजीपूर्वक केली होती. एका गटाला खरी वजनं आणि खरे मेंदूचे संगणकी खेळ, दुसऱ्याला खरी वजनं पण खेळांऐवजी माहितीपट, तिसऱ्याला खुर्चीत बसून नुसतं हातपाय ताणणं आणि खरे खेळ, चौथ्याला दोन्ही नावापुरतं. सहा महिन्यांनी हा कार्यक्रम थांबला आणि वर्षभराने, म्हणजे सुरुवातीपासून अठरा महिन्यांनी, पुन्हा तपासणी झाली. वजनं उचललेल्या ४९ पैकी २४ जणांचे गुण सर्वसामान्य पातळीत होते. न उचललेल्या ५१ पैकी फक्त १४ जणांचे. संगणकी खेळांनी तसा एकूण फायदा दिला नाही. पुढच्या विश्लेषणात असं दिसलं, की ज्यांची ताकद जास्त वाढली त्यांचीच बुद्धी जास्त सुधारली. नुसता दम वाढल्याने ते साधलं नव्हतं. आणि २०२० सालच्या लेखात याच लोकांच्या मेंदूची छायाचित्रं होती. हिप्पोकॅम्पसचे जे भाग अल्झायमरमध्ये आधी झिजतात, ते वजनं उचललेल्यांमध्ये व्यायाम थांबल्यावर वर्षभरानंतरही त्या मानाने शाबूत होते.

एवढं वाचून उठून जिमकडे निघालेल्या माणसाला क्षणभर थांबवलं पाहिजे, कारण दुसरी बाजूही तितक्याच मोठ्या अभ्यासांची आहे. अमेरिकेत ‘लाइफ’ नावाच्या प्रयोगात ७० ते ८९ वयाच्या १६३५ जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम दिला. २०१५ साली निकाल आला : बुद्धीच्या चाचण्यांत व्यायाम करणारे आणि केवळ आरोग्याची व्याख्याने ऐकणारे यांच्यात फरक नाही. खोलात गेल्यावर ऐंशीच्या पुढच्यांना आणि मुळात अशक्त असलेल्यांना थोडा फायदा दिसला. इथे ताकदीचा भाग जेमतेम दहा मिनिटांचा होता, घोट्याला वजनाचे पट्टे बांधून केलेला. मुख्य भर चालण्यावरच होता. त्यामुळे ताकदीच्या व्यायामाचा हा कौल मानता येत नाही, तरी तो बाजूलाही ठेवता येत नाही.

ब्रिटनमधला ‘डापा’ प्रयोग त्याहून कडू निघाला. डिमेन्शियाचं निदान झालेल्या ४९४ जणांपैकी दोन-तृतीयांशांना चार महिने दमाचा आणि वजनांचा चांगला जोरकस व्यायाम दिला. शरीर सुधारलं. बुद्धीची घसरण मात्र थांबली नाही, उलट वर्षाअखेर ती व्यायाम करणाऱ्यांमध्ये किंचित जास्त होती. फरक छोटा होता, पण उलट्या दिशेचा होता. याचा सरळ अर्थ असा, की आग लागल्यावर विहीर खणून उपयोग होत नाही. ज्यांच्या घरात डिमेन्शियाचा रुग्ण आहे त्यांना ‘आजोबांना वजनं उचलायला लावा, स्मृती परत येईल’ असं सांगणारा माणूस त्यांची फसवणूक करतो. आजोबांनी पडू नये, स्वतःच्या पायाने न्हाणीघरात जावं म्हणून ताकदीचा व्यायाम जरूर द्यावा. स्मृतीचं वचन देऊ नये.

सगळं एकत्र ठेवलं तर निवाडा असा होतो : निरोगी ज्येष्ठांमध्ये आणि विस्मरणाच्या पहिल्या पायरीवर असलेल्यांमध्ये ताकदीचा व्यायाम मेंदूच्या कारभारी शक्तीला माफक पण खरा हात देतो. आजार पक्का झाल्यावर ती संधी बहुतांशी निघून जाते.

स्नायू आणि मेंदू यांच्यात देवाणघेवाण होते ती कशी? एक वाट साखरेची. जेवणानंतर इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेपैकी सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात. ते आटले की साखर रक्तात रेंगाळते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात आणि एमआरआयवर पांढरे डाग दिसू लागतात. व्हँकूव्हरच्या स्त्रियांमध्ये आठवड्यातून दोनदा वजनं उचलणाऱ्यांचे हे डाग तोलाचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा सावकाश वाढले. दुसरी वाट स्नायूंतून सुटणाऱ्या रसायनांची. आयजीएफ-१ चा उल्लेख वर आलाच. हार्वर्डच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली जाहीर केलेल्या ‘आयरिसिन’चीही बरीच चर्चा असते, पण त्याचा मेंदूवरचा पुरावा मुख्यतः उंदरांचा आहे. तिसरी वाट साधी आहे. नवा व्यायाम शिकणं, मोजणं, तोल धरणं, वजन कुठवर न्यायचं ते ठरवणं हेही मेंदूचंच काम आहे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजने जुळ्या बहिणींवर केलेला अभ्यास इथे आठवतो. ३२४ स्त्रियांना दहा वर्षांच्या अंतराने तपासलं. सुरुवातीला पायांत जास्त जोर असलेल्यांची बुद्धी दहा वर्षांनी कमी घसरली होती. एकाच घरात वाढलेल्या, एकाच रक्ताच्या बहिणींमधला हा फरक असल्याने त्याला वजन आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. हा विषय मराठी वाचकाला परका नाही, कारण त्यातला एक कळीचा धागा पुण्यातून निघाला आहे. तिथल्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघे शेजारी उभे. उंची-वजनावरून काढलेला बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, हेही खरं. तरी याज्ञिक यांच्या पुढच्या-मागच्या संशोधनाने दाखवलं, की हा फरक नुसत्या धावण्याचा नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने हलकी होती. स्नायू खूपच कमी, चरबी मात्र जवळपास राखलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, अशी ही भारतीय ठेवण आहे. म्हणजे साठीत पाऊल टाकतानाच आपल्या गाठीशी स्नायूंची शिल्लक कमी असते. बारीक माणसाला वाटतं, आपल्याला व्यायामाची काय गरज. खरी गरज त्यालाच जास्त असते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. इथे कोणी विचारेल, खेड्यातली बाई तर आयुष्यभर पाणी वाहते, मोळी उचलते, खुरपणी करते. मग तिला हा आजार जास्त का? शिक्षण न मिळणं हे त्याचं मोठं कारण, अपुरं अन्न आणि उपचार न मिळालेला रक्तदाब ही आणखी. आणि पोटासाठी उपसलेले कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. कष्टात विश्रांती आपल्या हाती नसते, वजन पेलेल तसं वाढवता येत नाही, वर खायला पुरेसं मिळत नाही. जात्यावरच्या जुन्या दिवसांची हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तालमीचा वारसा महाराष्ट्राकडे आहेच. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. पण तालीम तरुण पुरुषांची राहिली. वस्ताद वयस्कर असले तरी सत्तरीच्या सामान्य माणसाला, त्यातही बाईला, तिथे जागा नव्हती. आज गल्लोगल्ली जिम आहेत. तिथल्या आरशांपुढे साठीची बाई नऊवारीतच काय, पंजाबी ड्रेसमध्येसुद्धा संकोचते. हा संकोच दूर करणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम आहे.

सुरुवातीला जिमही लागत नाही. हातांची, न हलणारी एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर दुमडून उठावं, पुरतं ताठ व्हावं, सावकाश बसावं. तीस सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजावं. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यखात्याच्या कोष्टकानुसार ७० ते ७४ वयाच्या पुरुषाने बारापेक्षा कमी आणि स्त्रीने दहापेक्षा कमी वेळा उठणं हे पडण्याचा धोका असल्याचं लक्षण आहे. ही बैठकच आपला पहिला व्यायाम. आठ-दहा उठबशा सहज जमू लागल्या की हातात पाण्याने भरलेली लिटरची बाटली घ्यावी, मग दोन. ओट्याला हात टेकून भिंतीवर मारायचे तसे तिरपे जोर काढावेत. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहावं. रबरी पट्टा दाराला अडकवून मागे ओढावा. शेवटच्या दोन-तीन वेळा ‘आता अवघड जातंय’ असं वाटलं पाहिजे. तसं वाटत नसेल तर वजन कमी आहे. प्रयोगांत फायदा झालेल्या सगळ्यांचं उचलायचं वजन वाढत गेलं होतं, हे विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची आहे. ज्येष्ठांसाठी त्याखेरीज तोल आणि ताकद यांवर भर देणारा मिश्र व्यायाम तीन दिवस.

श्वास रोखून वजन उचलू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. उचलताना श्वास सोडावा. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, डोळ्याच्या पडद्याचा विकार, हाडांची ठिसूळता असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली काढावेत. गुडघा दुखतो म्हणून व्यायाम पूर्ण सोडणं मात्र बहुतेक वेळा चूक असते. मांडी सशक्त झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

आणि ताट. रात्री मऊ भात, वर पातळ वरण, चार वाजता चहात बुडवलेली खारी, अशा आहारावर स्नायू भरत नाहीत. भारतीय आहार संशोधकांची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वार्धक्यातल्या पोषणाचे तज्ज्ञ निरोगी ज्येष्ठांसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर दही, पनीर, घट्ट डाळ, मोडाची उसळ, चालत असेल त्यांना अंडी-मासे, हे दोन्ही जेवणांत विभागून घ्यावं.

राज्यात ज्येष्ठ नागरिक संघांचं जाळं दाट आहे. वाढदिवस, सहली, भजन, आरोग्यावरची व्याख्यानं असा त्यांचा वर्षाचा भरगच्च कार्यक्रम असतो. त्यांच्या सभागृहात खुर्च्या आधीच आहेत. आठवड्यातले दोन दिवस, अर्धा तास, एखादा फिजिओथेरपिस्ट आणि भरलेल्या बाटल्या, एवढ्यावर सुरुवात होते. संघांच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. आणि मंडईतून परतताना आईच्या हातातल्या दोन पिशव्यांपैकी एक तिच्याकडेच राहू द्यावी.